सांगली-मिरजेत नव्याने आलेल्या कॅथलिक कुटुंबासाठी: रविवारच्या मिस्सेपासून धर्मग्रामाच्या नोंदवहीपर्यंत

बदलीचा हुकूम येतो, सामान उतरते, मुलांच्या शाळेचा प्रश्न मार्गी लागतो आणि मग पहिल्या शनिवारी संध्याकाळी कॅथलिक कुटुंबाच्या लक्षात येते की, उद्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या मुख्य उपासनेला, कुठे जायचे हे कोणालाच ठाऊक नाही. वसईत, मुंबईत किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात कधी पडलेला नसतो, कारण तिथे चर्चच्या घंटेचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन गावांच्या पसाऱ्यात कॅथलिक घरे थोडी आहेत आणि तीही विखुरलेली आहेत. कोणी रेल्वेत नोकरीला आहे, कोणी मिरजेच्या रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो, तर कोणी वालचंद महाविद्यालयात शिकायला आलेला आहे. मीही असाच बदलीने येथे आलो आणि येथलाच झालो. हा लेख अशा नवागतांसाठी आहे. लग्नामुळे किंवा स्नेहामुळे प्रथमच कॅथलिक चर्चची पायरी चढणाऱ्यांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मोठ्या शहरातील चर्चमध्ये माणूस वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसून निनावी राहू शकतो आणि त्याचे फारसे काही अडत नाही. लहान धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील लहानशा कॅथलिक समाजात, तसे राहिल्यास अडते. म्हणून येथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत नाव नोंदवावे आणि एखादे बारीकसे काम अंगावर घ्यावे. ते कसे करायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: योग्य चर्च शोधणे

हे वाटते तितके सोपे नाही. मिरजेत रिक्षात बसून नुसते 'चर्चला चला' म्हटले, तर आपण कॅथलिक चर्चलाच पोहोचू याची खात्री नसते, कारण या भागातील बरीचशी ख्रिस्ती कुटुंबे प्रोटेस्टंट परंपरेतील आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले, आणि त्या मिशनच्या कामाचा ठसा या गावावर इतका खोल आहे की सर्वसामान्य मिरजकराच्या मनात 'ख्रिस्ती' म्हणजे तेच. माझ्या पहिल्या रविवारी मी अशाच एका प्रोटेस्टंट उपासनेत पूर्ण वेळ बसलो, गाणी सुरेख होती म्हणून मनापासून गायलो, आणि ख्रिस्तप्रसादाची (वेदीवरून मिळणाऱ्या पवित्र भाकरीची) वेळ येईना तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. तेथील मंडळींनी मला चहा पाजला आणि हसत हसत कॅथलिक चर्चचा रस्ता दाखवला.

आत शिरल्यावर खूण पटवायची असेल तर वेदीजवळ पाहावे. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र ख्रिस्तशरीर (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) ठेवण्याची एक बंद पेटी असते आणि तिच्याजवळ अखंड दिवा तेवत असतो. क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती असते, पवित्र मरियेची प्रतिमा असते आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर क्रूसाच्या वाटेची (ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या प्रसंगांची) चौदा स्थाने लावलेली असतात. सांगली जिल्हा पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत, येतो. हा धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला आणि त्याचे मुख्य चर्च पुण्याचे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल आहे. तेव्हा गावात ओळखीचे कोणीच नसेल, तर पुण्याच्या बिशप कार्यालयाकडे किंवा आपल्या आधीच्या धर्मग्रामातील फादरांकडे चौकशी केली की येथला पत्ता आणि दूरध्वनी मिळतो. मिस्सेची वेळ आणि भाषा मात्र दर वेळी फोन करूनच विचारावी. इंग्रजी मिस्सा कोणत्या रविवारी, मराठी किती वाजता, हे ऋतूप्रमाणे आणि फादरांच्या फेऱ्यांप्रमाणे बदलू शकते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या धर्मगुरूला आसपासच्या गावांतील कुटुंबांकडेही जावे लागते, हे लक्षात ठेवावे.

केरळमधून आलेल्या सिरो-मलबार (स्वतःचा वेगळा उपासनाविधी असलेल्या कॅथलिक परंपरेतील) कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. लॅटिन विधीच्या (रोमच्या परंपरेच्या, म्हणजे येथल्यासारख्या) चर्चमध्ये मिस्सेला गेल्याने त्यांचे रविवारचे कर्तव्य पूर्ण होते आणि त्यांना ख्रिस्तप्रसादही घेता येतो. पण बाप्तिस्मा आणि विवाह यांसाठी आपल्या विधीच्या धर्मगुरूंशी आधी बोलणे आवश्यक असते. महाराष्ट्रातील सिरो-मलबार लोकांसाठी १९८८ साली कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आहे. येथल्या फादरांना हे सांगण्यात संकोच करू नये; ते स्वतःच पुढचा मार्ग सांगतात.

दुसरी पायरी: घरातून निघण्यापूर्वी

ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या आधी एक तास पाणी आणि औषध सोडून काहीही खायचे-प्यायचे नाही, असा नियम आहे. आजारी व वृद्ध माणसांना त्यातून सूट आहे. रविवारी पाळी असेल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने तेच कर्तव्य पार पडते. मिरजेतल्या परिचारिकांना आणि कुपवाडच्या कामगारांना याचा मोठा आधार असतो. कपडे साधे व अंग झाकणारे असावेत एवढेच पाहावे. पादत्राणे बाहेर काढायची की नाही, याची रीत ठिकठिकाणी वेगळी असते, म्हणून दारापाशी इतर काय करतात ते पाहावे. दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचल्यास एक फायदा होतो: पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) करायचे असेल तर बहुधा त्याच वेळी फादर भेटतात. फार वर्षांनी पापनिवेदन करणाऱ्याने 'फादर, मला क्रम आठवत नाही' असे सरळ सांगावे. तेथे बोललेले कोणत्याही कारणाने बाहेर सांगण्याची धर्मगुरूला मुभा नसते.

तिसरी पायरी: मिस्सेत काय चालले आहे ते समजून घेणे

नवागताची सर्वांत मोठी धास्ती म्हणजे कधी उठायचे, कधी बसायचे आणि कधी गुडघे टेकायचे. यावर उपाय असा की पहिल्या बाकावर बसू नये; चौथ्या-पाचव्या रांगेत, एखाद्या वयस्क बाईच्या मागे बसावे आणि तिचे पाहून करावे. तरीही आतली रचना माहीत असली की तासभराचा विधी परका वाटत नाही.

मिस्सेचे मुख्य भाग दोन. पहिला शब्दाचा, दुसरा प्रसादाचा. सुरुवातीला सगळे मिळून आपल्या चुकांची कबुली देतात, मग बसून वाचने ऐकतात. रविवारी सहसा जुन्या करारातून एक वाचन, त्यानंतर स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रांतून दुसरे वाचन आणि शेवटी शुभवर्तमान असा क्रम असतो. शुभवर्तमानासाठी सर्व जण उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळावर, ओठांवर व छातीवर लहान क्रूस काढतात. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. एका वर्षी प्रामुख्याने मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक वाचला जातो, आणि योहान उपवासकाळात (ईस्टरपूर्वी), पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतर) व इतर काही रविवारी येतो. हे चक्र जगभर एकच असल्यामुळे, वसईत राहिलेल्या आईने आणि सांगलीत आलेल्या मुलाने त्या रविवारी तोच उतारा ऐकलेला असतो. रविवारी रात्रीच्या फोनवर प्रवचनांची तुलना करणारी दोन-तीन घरे माझ्या माहितीत आहेत, आणि त्यात आमच्या फादरांना नेहमीच पूर्ण गुण मिळतात असे नाही.

प्रवचनानंतर विश्वासांगीकार (आपल्या श्रद्धेचे एकत्र उच्चारण) आणि लोकांच्या प्रार्थना होतात. येथे उपासना आपल्या भाषेत चालते, याचे श्रेय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला (जगभरच्या बिशपांच्या रोममधील सभेला) जाते. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि त्यानंतर लॅटिनची जागा हळूहळू लोकभाषांनी घेतली. भारतात १९६९ साली आणखी बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. हात जोडून नमस्कार करणे, आरती ओवाळणे, जमिनीवर बसून उपासना करणे, पादत्राणे काढणे या गोष्टी त्यातून आल्या. म्हणून एखाद्या ठिकाणी गुडघा टेकण्याऐवजी लोक वाकून नमस्कार करताना दिसले किंवा शांतीच्या अभिवादनात हस्तांदोलनाऐवजी हात जोडताना दिसले, तर काही चुकते आहे असे समजू नये.

दुसऱ्या भागात भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणला जातो. भाकर गव्हाची, खमीर न घातलेली आणि रस शुद्ध द्राक्षाचाच असावा लागतो. तासगावच्या द्राक्षबागा पाहत चर्चला येणाऱ्याला हे ऐकून थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा. धर्मगुरू ख्रिस्ताचे शेवटच्या भोजनातील शब्द उच्चारतात तेव्हा लोक गुडघ्यावर असतात. ज्यांना गुडघे टेकणे जमत नाही त्यांनी उभे राहावे किंवा बसावे.

ख्रिस्तप्रसाद हातावर घ्यायचा असेल तर डावा तळहात वर आणि उजवा खाली धरावा, 'आमेन' म्हणावे, एक पाऊल बाजूला होऊन तेथेच सेवन करावे. तो खिशात ठेवणे, घरी नेणे किंवा लहान मुलाला तुकडा देणे हे चालत नाही. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी, तसेच इतर ख्रिस्ती पंथांच्या पाहुण्यांनी जागेवर बसून राहावे. मिश्र विवाहाच्या घरांत हा प्रसंग दर रविवारी येतो, आणि प्रसादाच्या रांगेत कोण गेले नाही याकडे वळून पाहणारे एखादे डोळेही असतात, हे मी नाकारणार नाही. त्यावर तोड एकच: जोडीदाराला आणण्यापूर्वी हे समजावून सांगावे, म्हणजे त्या क्षणी त्याला किंवा तिला अवघडल्यासारखे होत नाही.

चौथी पायरी: नाव नोंदवणे

मिस्सा संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नये. फादर दारापाशी उभे असतात, आणि त्यांच्याभोवती चार जुनी माणसे असतात. पश्चिम महाराष्ट्राच्या रीतीप्रमाणे पहिला प्रश्न 'पाव्हणं कुठलं म्हणायचं?' हाच येतो, मग विचारणारा कॅथलिक असो वा नसो. आपले गाव, आडनाव आणि आधीचा धर्मग्राम सांगावा. पाच मिनिटांत कोणीतरी आपल्या मामेभावाचा वर्गमित्र निघतो.

त्यानंतरच्या आठवड्यात चर्चच्या कार्यालयात जाऊन कुटुंबाची नोंद करावी. धर्मग्राम हा प्रदेशावरून ठरतो. १९८३ सालच्या कॅनन कायद्यानुसार (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यानुसार), एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत किमान तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेला किंवा प्रत्यक्षात तीन महिने राहिलेला कॅथलिक तेथला निवासी ठरतो. म्हणजे वसतिगृहातला विद्यार्थी आणि भाड्याच्या खोलीतली परिचारिका यांनाही हा धर्मग्राम आपला म्हणता येतो. जाताना घरातील प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर विश्वास दृढ करणाऱ्या संस्काराची) तारीख व ठिकाण, विवाहाचा दाखला, सध्याचा पत्ता आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहून न्यावेत. आधीच्या फादरांकडून ओळख करून देणारे पत्र आणल्यास उत्तम.

मी स्वतः ही नोंद करायला पाच वर्षे लावली. दर रविवारी तोंड दिसते, म्हणजे सगळे ठाऊकच असणार, असा माझा समज होता. मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी कार्यालयातली वही उघडली, तेव्हा तीत आमचे घरच नव्हते. नंतर सगळे सुरळीत झाले, पण वसईहून कागद मागवण्यात दीड महिना गेला आणि दोष सर्वस्वी माझा होता.

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की, नदीकाठच्या भागात कोणाकोणाची घरे आहेत, कोणाकडे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे पाहायला यादी लागते. ४५ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर पत्ते शोधत बसायला वेळ नसतो.

पाचवी पायरी: छोटा ख्रिस्ती समूह आणि एखादे काम

धर्मग्रामातील घरे भागांप्रमाणे लहान समूहांत वाटलेली असतात. समूहाची बैठक साधारण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी होते. शुभवर्तमानाचा उतारा वाचतात, त्यावर थोडे बोलतात, जपमाळ म्हणतात आणि मग चहा-पोहे होतात. नवीन माणसाने पहिल्या दोन बैठकांत ऐकावे आणि तिसरी बैठक आपल्या घरी ठेवण्याची तयारी दाखवावी. घर लहान आहे ही सबब कोणी ऐकत नाही, कारण सगळ्यांचीच घरे बेताची असतात. यजमानाने फार पदार्थ करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकाने वडे-शिरा केला की पुढच्या घराला कमीपणा वाटू लागतो आणि हळूहळू बैठका बंद पडतात.

कामांचे प्रकार बरेच आहेत. वाचन करणे, वेदीची फुले व वस्त्रे पाहणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, गायकवृंदात गाणे, आजाऱ्यांना भेटणे. मुले प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर वेदीसेवक होऊ शकतात. ज्या गावात तंबोरे आणि सतारी बनतात, त्या मिरजेत गाणारा किंवा तबला वाजवणारा माणूस रिकामा बसू दिला जात नाही, तेव्हा ही कला असेल तर ती आधीच सांगून टाकावी. ज्यांना लोकांपुढे उभे राहणे आवडत नाही त्यांनी संत विन्सेंट द पॉल सोसायटीची चौकशी करावी. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेली ही संस्था अनेक धर्मग्रामांत गरजू घरांना गुपचूप मदत करते. येथे ती नसेल तर फादर दुसरे काम सुचवतील.

वाचनाची पाळी आली तर उतारा घरी तीनदा मोठ्याने वाचावा. 'थेस्सलनीकाकरांस' हे बायबलमधील पत्राचे नाव व्यासपीठावर प्रथमच उच्चारण्याचे धाडस करू नये.

पैशांविषयी स्पष्ट लिहितो, कारण नवीन माणूस विचारायला लाजतो. मिस्सेत दान गोळा होते, त्यात ऐपतीप्रमाणे टाकावे. याशिवाय कुटुंबाची वर्गणी असते. ती कार्यालयात देऊन पावती घ्यावी. एखाद्या मिस्सेत मृत नातलगासाठी किंवा उपकारस्तुतीसाठी हेतू (विशेष प्रार्थनेची विनंती) ठेवायचा असल्यास तो काही दिवस आधी नोंदवून दान द्यावे. ज्याच्याकडे देण्यासारखे काहीच नाही त्याची प्रार्थना नाकारली जात नाही.

वर्षाचा क्रम थोडक्यात

उपासनेचे वर्ष नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाने सुरू होते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून उपवासकाळ सुरू होतो, आणि त्यातील शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती असते. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला १८ ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना उपवास, तर १४ वर्षांवरील सर्वांना मांस वर्ज्य असते. झावळ्यांच्या रविवारपासूनचा (ईस्टरआधीचा) आठवडा शक्यतो गावी न जाता येथेच काढावा. गुड फ्रायडेला मिस्सा नसते, दुपारी उपासना असते, आणि मिस्सा समजून सकाळी येणारे दोघे-तिघे दर वर्षी परत जातात. रविवारांखेरीज भारतात नाताळ आणि १५ ऑगस्ट हे सक्तीचे सण आहेत. १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण असल्याने मिस्सा आणि ध्वजवंदन हे दोन्ही एकाच सकाळी होते. २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण होते. आपले कोणी येथल्या दफनभूमीत नसले तरी त्या दिवशी जावे. ज्यांचे नातलग परगावी गेले आहेत अशा थडग्यांवर मेणबत्ती लावायला माणसे कमीच पडतात.

बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू

बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी जन्मानंतर लवकरच फादरांना भेटावे. आईवडिलांची तयारी घेतली जाते. धर्मपिता किंवा धर्ममाता साधारणपणे १६ वर्षे पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली आणि कॅथलिक असावी लागते. नुसता जिवलग मित्र असणे पुरत नाही, आणि हे आधी न विचारल्यामुळे ऐन वेळी नाराजी होते. विवाहाचा विचार ठरताच, हॉल ठरवण्याच्या आधी, किमान तीन-चार महिने अगोदर फादरांकडे जावे. बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला, विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर, दोन्ही बाजूंची चौकशी आणि चर्चमध्ये जाहीर सूचना, इतके सगळे त्यात येते. जोडीदार अकॅथलिक असल्यास बिशपांची परवानगी किंवा सूट लागते आणि ती पुण्याहून यावी लागते. मृत्यू झाल्यास नातलगांच्या आधी नव्हे, पण मंडपवाल्याच्या आधी नक्की फादरांना कळवावे. त्याहूनही चांगले म्हणजे आजार गंभीर आहे असे दिसताच त्यांना बोलवावे, कारण रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावणे) हा जिवंत माणसासाठीचा संस्कार आहे. मिरजेत दाखल असलेल्या परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांनाही फादरांना फोन करता येतो.

पुन्हा बदली झाली तर

तीन-चार वर्षांत पुढचा हुकूम येतो. तेव्हा समूहप्रमुखाला आणि कार्यालयाला कळवावे, वाचनाची पाळी दुसऱ्याला द्यावी, आणि नव्या ठिकाणासाठी फादरांकडून पत्र घ्यावे. येथे बाप्तिस्मा झालेल्या मुलाची नोंद येथल्याच वहीत राहते. पुढे त्याचे दृढीकरण कोठेही झाले, लग्न कोठेही झाले, तरी त्याची खबर या वहीत त्याच्या नावासमोर लिहिण्यासाठी सांगलीलाच पाठवली जाते. म्हणून निघण्यापूर्वी एकदा ती नोंद स्वतः वाचून पाहावी आणि आजोबांच्या नावातली किंवा तारखेतली चूक तेव्हाच दुरुस्त करून घ्यावी. आमच्या मुलाच्या नावातला एक काना राहून गेला होता, आणि तो लिहून होईपर्यंत मी टेबलापाशी उभा होतो.